बंदरावरचे चार तास

सहलीच्या छापील कार्यक्रमात एक ओळ बहुधा असतेच : ‘मालवण – सकाळी नऊ ते दुपारी एक, मोकळा वेळ.’ त्या ओळीखाली बारीक अक्षरांत दुसरी ओळ असते : ‘समुद्राखालील सृष्टी पाहू इच्छिणाऱ्यांची सोय वेगळा आकार घेऊन केली जाईल.’ वेळ मोकळा आपला आणि आकार मात्र त्यांचा! या दोन ओळींच्या मध्ये एक प्रश्न दडलेला असतो. ती वेगळी रक्कम सहल कंपनीच्या हाती ठेवावी, की बंदरावर उतरून तेथल्या होडीवाल्याशी आपले आपण ठरवावे?

प्रश्न दिसायला लहान आहे. परंतु पैसा कोणाच्या पदरात पडतो, जिवाची जोखीम कोण पत्करतो आणि ज्या जलचराला पाहण्यासाठी आपण जातो त्याचे पुढे काय होते, या गोष्टी त्याच्या पोटात आहेत. माझे मत आरंभीच सांगून टाकलेले बरे. आपण स्वतः ठरवावे, स्थानिक माणसाशी ठरवावे. मात्र कंपनी जे काम आपल्यासाठी करीत होती ते काम आता आपल्या अंगावर आले, हे ओळखून ठरवावे. ज्याला ते काम नको असेल त्याने मुकाट्याने कंपनीचे तिकीट काढावे, त्यातही कमीपणा नाही.

प्रतापगडच्या पायथ्याशी आणि अर्जुनी मोरगावच्या धानाच्या बांधीत वाढलेल्यांनी समुद्रावर मते काय म्हणून मांडावीत, असे कोणी विचारील. आपल्याकडे बोड्या आहेत, मामा तलाव आहेत, नवेगावबांध आहे, इटियाडोह आहे, समुद्र नाही. पण विदर्भ एक्सप्रेस गोंदियाहून सुटते आणि मुंबईहून कोकण रेल्वे कुडाळला पोचवते. आपल्या भागातली मुले आता शिर्डी-वेरूळवर समाधान मानीत नाहीत. त्यांना सिंधुदुर्ग किल्ला पाहायचा असतो आणि तोंडावर काच बांधून पाण्याखालचे मासेही पाहायचे असतात. ज्याने जन्मात भरती-ओहोटी पाहिली नाही त्यानेच समुद्रात उतरण्यापूर्वी विचार करणे अधिक अगत्याचे आहे.

या प्रश्नाचे मोठे रूप पाहायचे तर पर्यटकांच्या मोठ्या जहाजांकडे पाहावे लागते. कॅरिबियन समुद्रात ग्रँड केमन नावाचे बेट आहे. तेथे मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत. ती खोल पाण्यात थांबतात, उतारू लहान बोटींनी किनाऱ्यावर येतात आणि काही तासांनी परततात. तेवढ्या वेळात बहुतेकांना एकच गोष्ट करायची असते : उत्तरेच्या उथळ खाडीत, छातीएवढ्या पाण्यात उभे राहून पाकटांना हात लावायचा. कोकणात ज्याला पाकट किंवा वागळी म्हणतात तोच हा सपाट, पंख्यासारखा मासा. कोळी त्या शांत पाण्यात मासे साफ करून टाकाऊ भाग फेकीत, त्या वासाने पाकटे जमू लागली. १९८०च्या दशकात पाणबुड्यांनी त्यांना हाताने खाऊ घालायला सुरुवात केली आणि पाहता पाहता त्या जागेचे तीर्थक्षेत्र झाले. या फेरीचे तिकीट जहाजावर मिळते आणि तीच फेरी किनाऱ्यावरचा बोटवालाही देतो. जहाजावरच्या तिकिटात जहाज कंपनीचा वाटा मिसळलेला असतो, हे उघड आहे.

आपल्याकडेही हे अगदी नवीन नाही. २०१८मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ हे पर्यटन जहाज सुरू झाले होते. कोकणच्या किनाऱ्यापासून दूर समुद्रात प्रवाळांचे एक पठार आहे, त्याचेच हे नाव, आणि त्या नावामागे कान्होजी आंग्रे. २०२१पासून मुंबईहून गोवा आणि लक्षद्वीपकडे मोठी पर्यटन जहाजे निघू लागली. त्याच्याही मागे जायचे तर कोकणच्या जुन्या आगबोटी आठवाव्यात. मालवण, वेंगुर्ल्याला आगबोट खोल पाण्यात नांगर टाकी आणि पडाववाले उतारूंना किनाऱ्यावर आणीत. म्हणजे मोठे जहाज परक्याचे आणि शेवटचा पल्ला मात्र गावच्या माणसाच्या हाती, ही रीत आपल्याकडे जुनीच आहे. आज जहाजाच्या जागी आरामगाडी आली आणि पडावाच्या जागी यांत्रिक होडी आली, इतकाच फरक.

आता कंपनीची बाजू प्रामाणिकपणे मांडू. ती बाजू लंगडी नाही. जहाज कंपनीने विकलेल्या फेरीला उशीर झाला तर जहाज थांबते. आपण बाहेर परस्पर ठरविलेल्या होडीला उशीर झाला तर जहाज निघून जाते आणि पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जाण्याची पाळी येते. सहलीच्या गाडीचेही तेच. पन्नास मुले गाडीत बसली आहेत आणि चार जणांसाठी सगळ्यांचा खोळंबा झाला आहे, हे चित्र आपल्या ओळखीचे आहे. दुसरे असे की, परक्या गावात कोण विश्वासाचा, कोण नुसता गोडबोल्या, हे चार तासांत कळत नाही. कंपनी निदान दरवर्षी तेथे जाते. काही बिघडले तर भांडायला एक कचेरी असते. या सोयींचे मोल आहे आणि ते कंपनी वसूल करते. यात अन्याय कसला?

अन्याय नाही, पण एक नुकसान आहे. कंपनीच्या हाताने गेलेला पाहुणा आणि होडीवाला यांचे नातेच जुळत नाही. होडीवाल्याला अमुक इतकी ‘डोकी’ मिळतात आणि पाहुण्याला अमुक इतकी मिनिटे. ठरलेल्या दरातून मधली कपात वजा झाली की उरलेल्या रकमेत त्याला डिझेल, खलाशी आणि दुरुस्ती भागवायची असते. मग तो फेऱ्या वाढवतो, माणसे दाटीने बसवतो, घाई करतो. आपण सुरक्षिततेसाठी म्हणून जे अधिक पैसे मोजले ते नेमके सुरक्षिततेपर्यंत पोचतातच असे नाही.

आणि दुसरे नुकसान ज्ञानाचे आहे. हे आपल्याला, नवेगावबांधच्या शेजाऱ्यांना, अधिक पटावे. मारुती चितमपल्ली वन खात्यात असताना कित्येक वर्षे नवेगावबांधच्या परिसरात राहिले. झाडापाखरांची, माशांची जी शब्दसंपत्ती त्यांनी मराठीला दिली तीत पुस्तकांइतकाच वाटा रानातल्या आणि तळ्यावरच्या माणसांचा आहे, हे त्यांच्या लेखनात ठायी ठायी दिसते. डोंगा वल्हवणाऱ्या धीवराला मरळ कोठे दडते, कोणत्या महिन्यात कोणती बदके उतरतात, हे ठाऊक असते. मालवणच्या गाबीत तांडेलालाही तसेच ठाऊक असते : कोणत्या खडकाआड पाणी निवळ, कोठे ओढ, कोणत्या वाऱ्याला होडी परतवायची. चार तासांच्या मुक्कामात खरोखर विकत घेण्यासारखी वस्तू हीच आहे. मासे काय, चित्रपटातही दिसतात.

परंतु ‘स्वतः ठरवणे’ याचा अर्थ ‘स्वस्तात ठरवणे’ असा आपण करतो आणि येथेच घात होतो. बंदरावर उतरले की आपण पाच जणांना भाव विचारतो आणि सर्वांत कमी सांगणाऱ्याच्या होडीत चढतो. बाजारात वांगी घेताना हे ठीक आहे. समुद्रात सर्वांत स्वस्त होडी ही पुष्कळदा सर्वांत भरलेली होडी असते.

याची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पाण्याखालचे दृश्य पाहून परतणाऱ्या पर्यटकांची होडी उलटली आणि दोघे दगावले. त्याआधी १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७मध्ये मालवणजवळ वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जणांना समुद्राने ओढून नेले. या शेवटच्या दोन दुर्घटनांत होडी नव्हतीच. मुले पायांनी पाण्यात उतरली होती. आणि समुद्रच घातकी असे म्हणून सुटका नाही, कारण जुलै २०१७मध्ये नागपूरजवळच्या वेणा तलावात होडी उलटून तरुण मुले बुडाली. ते पाणी आपल्या तलावांसारखेच गोडे आणि शांत होते.

म्हणून जो स्वतः ठरवणार आहे त्याने भावाच्या आधी काही गोष्टी विचारल्या पाहिजेत. होडीला प्रवासी नेण्याचा परवाना आहे काय आणि त्यावर किती माणसे लिहिली आहेत? तेवढीच बसवणार काय? प्रत्येकाला मापाचे जीवरक्षक जॅकेट मिळेल काय? ते नुसते बाकाखाली ठेवलेले चालत नाही. अंगात घालून त्याचे पट्टे बांधलेले असावे लागतात, आणि परतीच्या वाटेवरही. पाण्यात आपल्याबरोबर कोणी उतरणार की होडीवरूनच सूचना देणार? वारा उठला आणि फेरी रद्द झाली तर पैसे परत मिळतील काय? या प्रश्नांवर जो होडीवाला चिडेल त्याच्या होडीत बसू नये. चांगला तांडेल चिडत नाही. किंबहुना ‘आज पाणी गढूळ आहे, जाऊ नका’ असे जो स्वतःचे गिऱ्हाईक तोडून सांगतो त्याच्यावर डोळे मिटून विश्वास टाकावा.

काय पाहणार हेही नीट समजून घ्यावे. पुष्कळांना स्नॉर्केलिंग आणि स्कूबा यांतला भेद ठाऊक नसतो. स्नॉर्केलिंगमध्ये पाण्याच्या पृष्ठभागावर पालथे तरंगायचे, डोळ्यांवर काच, तोंडात एक वाकडी नळी. श्वास तोंडानेच घ्यायचा, कारण नाक काचेत बंद असते. स्कूबामध्ये पाठीवर हवेची टाकी घेऊन खाली जायचे. त्याला शिक्षण लागते आणि तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे त्याचे केंद्र आहे. नळीने श्वास घेणे सोपे दिसते, पण नवख्या माणसाच्या नळीत एक लाट शिरली की तो घाबरतो, आणि घाबरलेल्याला छातीएवढे पाणीही पुष्कळ होते. आधी किनाऱ्यालगत गुडघाभर पाण्यात दहा मिनिटे सराव करू द्या, असे म्हणायला लाजू नये.

आणि वेळ. चार तास म्हणजे चार तास नव्हेत. उतरण्यात, होडी ठरवण्यात, परत येऊन अंग पुसण्यात त्यातला मोठा भाग जातो. गाडी एक वाजता सुटणार असेल तर बाराच्या आत पाय वाळूवर लागले पाहिजेत, अशी बोली होडीत चढण्यापूर्वीच करावी. कोकणातली माणसे भरतीची वेळ पंचांगावरून काढतात : तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास साधारणपणे मिळतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाण्याला ओढ अधिक. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी त्या मानाने संथ. सहलीची तारीख सुट्टी पाहून ठरवतो, तशी तिथी पाहूनही ठरवता येईल. ज्यांच्या तलावाला भरती नाही त्यांनी ही पाऊणकी तरी पाठ करून जावे.

आता त्या मुक्या प्राण्याविषयी, कारण या व्यवहारात त्याला कोणीच विचारीत नाही. पाकट हा स्वभावाने गरीब जीव. वाळूत अंग पुरून पडून राहतो. त्याच्या शेपटीवर विषारी काटा असतो, पण तो केवळ बचावासाठी. पाय पडला तर काटा मारतो; म्हणून वाळूत पाय उचलून न टाकता घासत चालावे आणि काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून दवाखाना गाठावा. ऑस्ट्रेलियातले प्रसिद्ध प्राणिमित्र स्टीव्ह अर्विन २००६मध्ये पाकटाच्या काट्याने छातीत इजा होऊन गेले. असे मृत्यू अगदी विरळ. पण हात लावण्याची हौस करणाऱ्याने ते विसरू नये.

माणसाला पाकटापासून जेवढे भय आहे त्याहून पाकटाला माणसापासून अधिक आहे. ग्रँड केमनच्या पाकटांचा अभ्यास झाला, तेव्हा असे आढळले की, एरवी रात्री भक्ष्य शोधणारा हा मासा तेथे दिवसा जागा राहू लागला आहे आणि एकटा हिंडण्याऐवजी दाटीने राहू लागला आहे. जहाजांच्या वेळापत्रकाने त्याचे दिवस-रात्र बदलले! तेथे आता पाकटाला पाण्याबाहेर उचलण्यास कायद्याने बंदी आहे. म्हणजे प्रेमाने खाऊ घालणेदेखील निरुपद्रवी नसते. मालवणला पाकटांचा असा दरबार भरत नाही. तेथे पाकट पाण्यापेक्षा बाजाराच्या टोपलीतच अधिक भेटते. पण काचेपुढे मासे जमावेत म्हणून पावाचे तुकडे टाकणे, प्रवाळावर पाय रोवून उभे राहणे, खडकावर नांगर टाकणे, हे पाहुण्याच्या हट्टापायी कोठेही होऊ शकते. मालवणचा सागरी परिसर १९८७पासून अभयारण्य आहे. नवेगावच्या रानात जाऊन आपण चितळाला भेळ चारीत नाही. मग समुद्रातल्या अभयारण्यात पाव का टाकावा? ‘मासे कमी दिसले तरी चालतील, पाव टाकू नका,’ हे वाक्य कंपनीचा प्रतिनिधी कधी बोलणार नाही. ते भाडे देणारा पाहुणाच बोलू शकतो. स्वतः ठरवण्याचा हा सर्वांत मोठा लाभ मला वाटतो : हुकूम सोडण्याचा अधिकार मिळतो तसा संयमाचा अधिकारही मिळतो.

शेवटी, हा विषय आपल्या वार्षिकात का, याचे खरे उत्तर देते. आपण केवळ जाणारे नाही. आपणही एक बंदर आहोत. महाशिवरात्रीला प्रतापगडावर माणसांचा पूर येतो. कोणी महादेवाला येतो, कोणी ख्वाजा उस्मान गनी हारूनींच्या दर्ग्यावर चादर चढवतो, पुष्कळ जण दोन्हीकडे हात जोडतात. गाड्या थांबतात, माणसे उतरतात, डोंगर चढतात, उतरतात आणि निघून जातात. नवेगावबांधला तर वर्षभर हेच. आलेल्यांपैकी कोणता पाहुणा आपल्याला आवडतो? जो बाहेरूनच शिदोरी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन येतो, रिकाम्या बाटल्या येथे टाकतो आणि कोणाशी एक शब्द न बोलता जातो, तो? की जो पायथ्याच्या दुकानात चहा पितो, म्हाताऱ्या बाबाजींना ‘वाट कोणती बरी?’ म्हणून विचारतो, आणि ‘तिकडे कड्याला जाऊ नका’ असे सांगितले तर ऐकतो, तो? आपल्याला जो पाहुणा आवडतो तसा पाहुणा आपण मालवणात व्हावे, एवढेच माझे म्हणणे आहे. होडीवाल्याशी घासाघीस करताना नवेगावच्या डोंगेवाल्याशी कोणी तशी घासाघीस केली तर आपल्याला कसे वाटेल, हे मनात आणून पाहावे.

आपल्या सहल समितीपुढे म्हणूनच तीन सूचना ठेवते. पुढची सहल कोकणात जाणार असेल तर होडीचे काम मोकळ्या वेळेवर न सोपवता महिनाभर आधी तेथल्या परवानाधारक होडीवाल्यांशी पत्राने किंवा दूरध्वनीने ठरवावे, आणि परवाना, माणसांची संख्या व जॅकेटे यांची खात्री लेखी करून घ्यावी. भूगोलाच्या प्राध्यापकांनी निघण्यापूर्वी एक तास भरती-ओहोटीवर आणि प्रवाळावर द्यावा. आणि ज्यांना पोहता येत नाही त्यांना आधी पोहायला शिकवण्याची सोय करावी, मुलींनाही. तलावांच्या जिल्ह्यातली मुलगी पोहता येत नाही म्हणून होडीत बसून राहते आणि मुलांचे भिजलेले कपडे सांभाळते, हे आता पुरे झाले.

हे सारे करण्याइतका उत्साह नसेल तर कंपनीचे तिकीट घ्यावे, शांतपणे जावे, शांतपणे यावे. पण ‘आम्ही स्वतंत्रपणे फिरलो’ अशी फुशारकी मग मारू नये. स्वातंत्र्य तिकिटाच्या दरात नसते. घड्याळ, जॅकेटाचा पट्टा आणि पाण्यातला मासा या तिघांकडे आपण स्वतः लक्ष देतो की नाही, यावर ते अवलंबून असते.